सेल्फचा चेक

आमच्या बँकेत ‘सेल्फ’ म्हणजे स्वतःच्या खात्यातून स्वतःसाठीच पैसे काढायचा चेक. मोटारवाल्यांच्या बोलीत ‘सेल्फ’ म्हणजे किल्ली फिरवताच इंजिनाला गरकन फिरवणारी छोटी मोटर. नियम दोन्हीकडे एकच. शिल्लक असेल तर काम होतं, नसेल तर नुसतं ‘टक्’ होतं. बँकेत तो आवाज रबरी शिक्क्याचा असतो, एवढाच फरक.

हा सेल्फ येण्यापूर्वी मोटार सुरू करणं कारकुनाच्या कुवतीतलं नव्हतं. ते पैलवानी काम. पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं, कुलदैवताला हात जोडायचे आणि हिसडा द्यायचा. जुन्या ॲम्बॅसडरलाही हे भोक असे. पण ठिणगी वेळेआधी पडली, की पिस्टन वर पोचायच्या आत इंधन पेटे, इंजिन उलटं फिरे आणि हँडल फिरवणाऱ्याच्याच हातावर येई. अशा मोडलेल्या मनगटांवरून डॉक्टरमंडळींनी ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असं नावच पाडलं. ते आजही चालतं. म्हणून जाणते ड्रायव्हर अंगठा हँडलभोवती गुंडाळत नसत, बोटांच्याच बाजूला ठेवत.

मोटारधंद्यातले बायरन कार्टर १९०८ साली वारले. हँडलनं त्यांचा जबडा मोडला, त्यातच ते गेले आणि त्यांचे स्नेही, कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड, यांनी ‘हे हँडल नकोच’ असा ध्यास घेतला, अशी कथा सांगतात. तिच्या तपशिलाबद्दल जाणकारांत वाद आहे. लेलँडनी हे काम चार्ल्स केटरिंग यांना सांगितलं, त्यात मात्र वाद नाही.

आता आमची कॉलर ताठ होते. कारण केटरिंग आमच्यातलेच! म्हणजे कॅशवाल्यांच्या गोतावळ्यातले. अमेरिकेतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. इंजिन फिरवायला जवळजवळ इंजिनाएवढीच मोटर लागेल, असं शहाणी माणसं म्हणत. केटरिंगना गल्ल्याचा अनुभव. गल्ला काही दिवसभर उघडत नसतो, उघडतो तो क्षणभर. छोट्या मोटरकडून क्षणभर तिच्या ताकदीबाहेरचं काम करून घेतलं तर ती जळत नाही. आम्ही मार्चअखेरीला हेच करतो, पण आमचं पेटंट कोणी घेतलं नाही.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. इंजिन सुरू झालं की तेच यंत्र जनरेटर होऊन बॅटरी भरून काढी. कर्ज घेणारा आणि फेडणारा एकच, असं खातं आमच्या शाखेत आजवर उघडलेलं नाही. फोर्डची मॉडेल टी १९१९ पर्यंत हँडलावरच होती.

हात वाचले, पण जिवाला घोर लावायला बॅटरी आली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल ही तिची रीत गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसाची, १८५९ सालची. रात्रभर दिवा चालू राहिला की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट बसतं, आम्ल पाणचट होतं आणि खातं रिकामं. मग शेजाऱ्याच्या बॅटरीतून हातउसने घ्यायचे. पण चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. पूर्वीचं हँडल मनगट मोडायचं, इथे आम्ल तोंडावर उडतं. डोळे जाऊ शकतात.

म्हणून हातउसन्याचे कागद नीट व्हावेत. दोन्ही बॅटऱ्या बाराच व्होल्टच्या हव्यात. गाड्या एकमेकींना टेकू नयेत; इंजिनं बंद, दिवे बंद, हँडब्रेक ओढलेला. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर मेकॅनिकलाच बोलवावं. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला. आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीच्या मायनसला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडते ती शेवटच्या जोडणीला. ती गॅसपासून दूर पडावी, एवढाच हा खटाटोप. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर बँकेत तासभर ताळा जुळत नाही, गाडीत मात्र डायोड आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतात.

चांगली गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारायचा. सुरू झाली, की केबल्स उलट्या क्रमानं काढायच्या. विडी-सिगारेटवाल्यांनी सल्ला लांबूनच द्यावा. गाडी नुकतीच लागलेली असताना ‘बंद करा हो, पुन्हा लागते का बघू’ म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. ते जिन्यात दिसेनासे होईपर्यंत केबल डिकीत टाकू नये.