लॉग सर्व्हरला पोर्ट कसा द्यायचा? यूडीपी की टीसीपी?

फोनवर एखादी वेबसाइट उघडली की तुमचा फोन समोरच्या सर्व्हरच्या ४४३ नंबरच्या पोर्टवर बोलत असतो. लॉगचंही तसंच. राउटर, सर्व्हर आपापल्या नोंदी नेटवर्कवरून पाठवतात आणि त्या घेणारं सॉफ्टवेअर ठरलेल्या पोर्टवर कान लावून बसतं. यालाच नेटवर्क इनपुट म्हणतात. नोंदी पाठवायची रूढ पद्धत म्हणजे सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ती सेंडमेलसाठी बनवली. तिचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१४.

स्प्लंकमध्ये सेटिंग्ज, मग डेटा इनपुट्स, तिथे यूडीपी किंवा टीसीपी निवडून नवीन इनपुट घ्या. कोणत्या पत्त्यावरून नोंदी घ्यायच्या ती जागा रिकामी सोडू नका, राउटरचा आयपी भरा. सोर्स टाइप सिसलॉग ठेवा. लिनक्सवर १०२४च्या खालचा पोर्ट घ्यायला रूटचे अधिकार लागतात. तेवढ्यासाठी स्प्लंक रूटने चालवू नका, ५५१४ घ्या. राउटरमध्ये पोर्ट बदलता येत नसेल तर लॉग सर्व्हरच्या फायरवॉलमधून ५१४वर आलेलं ५५१४कडे वळवा.

आता यूडीपी की टीसीपी? सास्तूरला घरी जुन्या लॅपटॉपवर मी हे लावलं होतं. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप मात्र नाही, आणि त्याची बॅटरी केव्हाच गेलेली. एका रात्री लाइट गेली. सकाळी बघतो तर राउटरवर कुणीतरी चुकीचे पासवर्ड टाकत होतं, पण सुरुवात कधी झाली ते कळेना. त्या तासांतल्या नोंदी राउटरने पाठवल्या होत्या, घ्यायला कुणी नव्हतं. यूडीपी पोच मागतच नाही. टीसीपीत जोडणी तुटल्याचं पाठवणाऱ्याला कळतं, आणि तिकडे आरसिसलॉग असेल तर तसं सेटिंग करून नोंदी डिस्कवर रांगेत थांबवता येतात. माझ्या राउटरला फक्त यूडीपी जमत होतं, म्हणून शेवटी लॅपटॉपच इन्व्हर्टरवर घेतला.

कंपनीत मात्र एवढ्यावर भागत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. तिथे टीसीपीवर टीएलएस घ्या, त्याचा पोर्ट ६५१४.

इनपुट लावल्यावर दुसऱ्या मशीनवरून लॉगर कमांडने एक ओळ पाठवा. ती सर्चमध्ये दिसली नाही तर टीसीपीडंप लावून बघा. पॅकेट पोचतंय पण ओळ दिसत नाही, असं असेल तर आधी फायरवॉल तपासा. माझं तरी दर वेळी तिथेच अडलंय.