न्हाणीघरातील जुन्या टाइल्सचे रंगकाम (परभणी जिल्हा)

भिंतीवरच्या जुन्या, चकाकीच्या टाइल्स न फोडता त्यांवर घट्ट धरणारा व पाण्याला टिकणारा रंग देऊन न्हाणीघराचे रूप पालटण्याची कमी खर्चाची पद्धत. हे काम सजावटीचे आहे, दुरुस्तीचे नव्हे. गळती, ओल किंवा सुटलेली टाइल रंगाने बरी होत नाही, फक्त काही महिने झाकली जाते. परभणी जिल्ह्यातले पाणी, माती आणि हवामान या तिन्ही गोष्टी या कामाच्या आड येतात. त्यामुळे इथे रंगाच्या डब्यापेक्षा पूर्वतयारीला अधिक मोल आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत न्हाणी म्हणजे शहाबादी फरशी, कडेला हौद आणि तांब्याचा बंब. शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी १९४८ पर्यंत ते आणि परभणी एकाच निजामी राज्यात होते, आणि ही फरशी अजूनही घरोघरी आहे. चकाकीच्या टाइल्स नंतर आल्या. आधी कमरेइतक्या उंचीचा पांढरा किंवा आकाशी डॅडो, मग गुजरातेतल्या मोरबीचा माल स्वस्त झाल्यावर गुलाबी, पिस्ता, मधे फुलांची हायलायटर पट्टी. हीच पिढी आता डोळ्यांना खुपू लागली आहे. टाइल्स धड आहेत, पण फॅशन गेली, सांधे काळे पडले, नळाभोवती पांढरे थर साचले. नव्या टाइल्स लावायच्या तर जुन्या फोडणे, राडारोडा उचलणे, पुन्हा प्लास्टर व वॉटरप्रूफिंग, नळाची जोडणी, आणि तोवर घरातल्यांनी अंघोळ कुठे करायची हा प्रश्न. एकच न्हाणीघर असलेल्या घरात हा शेवटचा मुद्दा पैशांइतकाच मोठा ठरतो. भाडेकरूच्या बाबतीत तर घरमालकाची परवानगी घेऊन रंग देणे एवढाच पर्याय उरतो.

रंग का धरत नाही : भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचे अंग सच्छिद्र असते, ते वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. पण दर्शनी बाजूचा चकाकीचा थर म्हणजे भट्टीत वितळून बसलेली काच. भिंतीचा रंग प्लास्टरच्या छिद्रांत शिरून पकड घेतो, इथे शिरायला जागाच नसते. व्हिट्रिफाइड टाइलचे अंगही ०.५ टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते, म्हणून तिथे अडचण दुप्पट. परभणीपासून फार दूर नसलेल्या बीदरला महमूद गावानच्या मदरशावर (१४७२) निळ्या-पिवळ्या टाइल्सचे अवशेष पाच शतकांनंतरही दिसतात. तिथला रंग काचेच्या थराचाच भाग असून भट्टीत पक्का झालेला आहे. न्हाणीघरातला रंग मात्र काचेवर नुसता बसवलेला असतो, त्याच्याकडून त्या टिकाऊपणाची अपेक्षा धरू नये. साधा ऑइल पेंट तर अशा भिंतीवर थोड्याच दिवसांत पापुद्र्याने सुटतो. पेंटर ‘चालतंय की’ म्हणाला, तरी तो देऊ नये.

चालतात ते दोन प्रकार. एक, काचेसारख्या पृष्ठावर धरणारा प्रायमर व त्यावर पाण्यातला किंवा सॉल्व्हंटमधला टिकाऊ एनॅमल. दोन, हार्डनर मिसळून वापरायचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन. इपॉक्सी पाण्याला अधिक दमदार, पण उन्हात पिवळा पडतो, म्हणून मोठी खिडकी असलेल्या न्हाणीघरात पांढरा इपॉक्सी निराशा करतो. पॉलियुरेथेनचा रंग टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या वाफेने दमा जडू शकतो. या रंगाची फवारणी घरच्या घरी करू नये, रोलरच वापरावा.

पाणी : जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट असते. पाणी तापले किंवा सुकले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे राहतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात बादली ठेवायच्या जागी आणि शॉवरखाली हा थर इतका मुरलेला असतो, की रंग टाइलला न धरता थराला धरतो आणि पुढे थरासकट निघतो.

थर काढायला सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) पुरते. बाजारातले ‘ॲसिड’ म्हणजे सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. ते थर झटक्यात काढते, पण टाइल्समधले सिमेंटचे सांधेही खाते. खालची फरशी शहाबादी असेल तर नुकसान त्याहून मोठे, कारण शहाबाद हा चुनखडक आहे आणि ओघळलेल्या आम्लाने तो कायमचा खडबडीत व फिका होतो. बुरशीसाठी ब्लीचिंग पावडर वापरायची असेल, तर ती आम्लाच्या दिवशी मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

दुसरा शत्रू तेल. खोबरेल तेल लावून अंघोळ करणाऱ्या घरात, आणि विशेषतः दिवाळीच्या अभ्यंगानंतर, खालच्या दोन-तीन ओळींवर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा पापुद्रा असतो. तो धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काढावा. पाण्याचा शिंतोडा भिंतीवर मण्यांसारखा गोळा न होता सपाट पसरला, म्हणजे भिंत स्वच्छ झाली. जिथे अजून लाकडाचा बंब पेटतो, तिथे काजळीसाठी हेच दोनदा करावे लागते.

त्यानंतर टिचकी मारून प्रत्येक टाइल तपासावी. पोकळ वाजणारी टाइल काढून पुन्हा बसवावी. कोपऱ्यांतला जुना सिलिकॉन पूर्ण खरवडावा, कारण सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही. मग पाण्याच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासावे, भुकटी पुसावी, आणि न्हाणीघर किमान एक दिवस कोरडे ठेवावे.

माती आणि हंगाम : गोदावरी, पूर्णा व दुधनेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. पाया उथळ असलेल्या घराच्या भिंती तिच्याबरोबर हलतात. टाइल्सच्या सांध्यांतून तिरकी चीर गेली असेल तर रंगाचा थर त्याच रेषेवर फाटणार. अशा भिंतीसाठी हे काम नाही.

जून ते सप्टेंबर हवेत ओलावा असतो, सांधे नीट वाळत नाहीत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा वेगळीच पंचाईत होते. हार्डनर मिसळलेला रंग साधारण दर १० अंश वाढीला निम्म्या वेळात घट्ट होतो, म्हणजे २५ अंशांना दोन तास चालणारे मिश्रण ४५ अंशांना अर्ध्या तासातच कामातून जाते. थोडे थोडे कालवावे, सकाळीच उरकावे. हिवाळा सोयीचा, पण पूर्ण नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान एक आकड्यावर उतरते, आणि १० अंशांखाली बहुतेक इपॉक्सी जवळजवळ थबकतात. रात्री दिलेला हात सकाळीही चिकटच असतो. उन्हे वर आल्यावर सुरुवात करून दुपारपर्यंत हात पूर्ण करणे, हा त्यावरचा साधा उपाय. दसरा-दिवाळीच्या आधीची गडबड टाळून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात काम काढले, तर थंडी-उष्मा दोन्ही बेताचे मिळतात आणि पेंटरही रिकामा सापडतो.

प्रमाण व चाचणी : ५ फूट × ७ फूट न्हाणीघरात ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स असतील, तर दार वगळून सुमारे १५० चौरस फूट पृष्ठ भरते. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० चौरस फूट निघते, तेव्हा दोन हातांना तीन लिटर रंग लागतो, प्रायमर वेगळा. एवढा खर्च करण्यापूर्वी दारामागच्या एका टाइलवर प्रायमर व रंग लावून आठवडाभर थांबावे. मग ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढावी. चौकटी टेपबरोबर आल्या, तर चूक साफसफाईत शोधावी, दुकानदाराशी भांडू नये. शेवटच्या हातानंतर रंग काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण कडक व्हायला सात दिवस लागू शकतात. तेवढे दिवस भिंतीवर पाणी नको.

कुठे देऊ नये : जमिनीवर नको. ओला रंग घसरतो, बादली ओढली की खरवडतो. पाणी साठवण्याच्या हौदाच्या आतल्या टाइल्सवर तर नाहीच, कारण हा रंग साठवलेल्या पाण्याच्या सततच्या सहवासासाठी बनवलेला नसतो. नळाचे पाणी रोज न येणाऱ्या गावांत असे हौद अजून वापरात आहेत आणि वरच्या भिंतीबरोबर तेही रंगवून टाकण्याचा मोह होतो.

फसलेला रंग काढताना अधिक जपावे. पेंट रिमूव्हरमधल्या मिथिलीन क्लोराइडची वाफ बंद न्हाणीघरात साचून अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबांचे जुने थर काढणारे १३ कामगार दगावल्याची नोंद आहे. २०१९ मध्ये तिथे घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. लोखंडी पट्टी व गरम हवेची बंदूक वापरून, खिडकी उघडी ठेवून रंग सोलणे वेळखाऊ, पण त्यापेक्षा कमी धोक्याचे. फार जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू आहे.

रंगवलेली भिंत मऊ फडके व साध्या साबणाने पुसतात. तारेची घासणी आणि ॲसिड दोन्ही वर्ज्य. बोअरचे पाणी असेल तर अंघोळीनंतर वायपरने भिंत निपटली की नवा थर साचत नाही. फक्त सांधेच काळे असतील, तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणे रंगापेक्षा स्वस्त पडते आणि अधिक टिकते.