मुदतीचा ताप, बेमुदत आजारपण

मराठीत आजारपण 'काढतात'. बाळंतपण काढतात, वाईट दिवसही काढतात. या क्रियापदात एक गृहीत दडलेले आहे: जे काढायचे ते कधीतरी संपते. विषमज्वराला जुन्या पिढ्या 'मुदतीचा ताप' म्हणत, कारण तो तीन आठवड्यांची मुदत घेऊनच येई. एकविसाव्या दिवसाच्या आसपास एक तर ताप उतरे, नाही तर माणूस जाई. बाळंतिणीची मुदत सव्वा महिन्याची. हैदराबादेत नल्लाकुंट्याच्या फीवर हॉस्पिटलला लोक 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. हा क्वारंटाइनचा दखनी अवतार, आणि त्या शब्दाच्या इटालियन मुळातही चाळीस दिवसच आहेत. या कोरंटीच्या शेजारचा भाग म्हणजे चिक्कडपल्ली. तिथल्या मराठी घरांचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवला, की आज आईवडिलांचे किंवा सासूसासऱ्यांचे 'सगळे करणाऱ्या' माणसाची जी दमछाक होते, तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. आजाऱ्याचे सगळे एकाच माणसाने करायचे, तेही वर्षानुवर्षे, ही आपली परंपरा नाही. ही साठ-सत्तर वर्षांतली नवलाई आहे आणि आपण तिला परंपरेचे नाव देऊन बसलो आहोत.

'पल्ली' म्हणजे तेलुगूत गाव. त्या गावाचा शहरी मोहल्ला झाला त्यामागे एक पूर, एक साथ आणि एक रेल्वे आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने शहर बुडवले, 1911 मध्ये प्लेगने घरे रिकामी केली आणि 1912 मध्ये निजाम सरकारने शहर सुधारणा मंडळ नेमले. दाट वस्तीतून ज्यांना निघता येत होते ते नदीच्या उत्तरेला, मोकळ्या हवेकडे सरकू लागले. त्याआधीच, 1900 च्या सुमारास, हैदराबादहून मनमाडपर्यंतचा मीटर गेज मार्ग पुरा झाला होता, त्यामुळे जालना, परभणी, नांदेडच्या माणसाला राजधानी एका रात्रीच्या गाडीवर आली. काचीगुडा स्टेशनची ती देखणी इमारत 1916 ची. गाडीतून तिथे उतरलेला मराठी वकील, शिक्षक, कारकून आसपासच बिऱ्हाड शोधी: सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा, चिक्कडपल्ली. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीने 1907 मध्ये विवेकवर्धिनी शाळा उभी केली ती याच वर्गाच्या बळावर. आणि बिऱ्हाड एकदा लागले की ते एकट्याचे राहत नसे. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, 1925 च्या सुमारास मुसीकाठी उस्मानिया दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली. मराठवाड्यात तेव्हा ना विद्यापीठ होते ना वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे पोराला शिकायचे तरी हैदराबाद आणि आजाऱ्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचे तरी हैदराबाद. दोघेही उतरायचे ते नातेवाइकाच्या घरी. नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादेत आले ते मामांकडे, म्हणजे ना. गो. नांदापूरकरांकडे, आणि तिथून सिटी कॉलेजात गेले. नावाजलेल्या माणसाचे म्हणून हे उदाहरण लक्षात राहिले, एरवी अशी भाचे-पुतणे मंडळी घरोघरी होती.

आजारपणाच्या दृष्टीने या गर्दीचा अर्थ काय, ते एका मुदतीच्या तापाच्या खोलीत शिरून पाहावे. या तापावर 1948 पर्यंत गुणकारी औषध नव्हते. क्लोरोम्फेनिकॉल आले त्यानंतर. तोवर वैद्य-डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे आणि जे काही व्हायचे ते शुश्रूषेने. कपाळावरची पाण्याची घडी सुकली की बदलायची, पाणी उकळून निववून पाजायचे, पेज गाळून चमच्याने भरवायची, तोंड आतून पुसून घ्यायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवायचे, वातात बडबडू लागला की धरून ठेवायचे, आणि ताप कागदावर लिहायचा. हे काम एकवीस दिवस, चोवीस तास चाले. एकटी बाई ते करूच शकत नाही, हे कुणाला सिद्ध करून दाखवावे लागत नव्हते. म्हणून रात्रीच्या पाळ्या लागत. पहिला प्रहर घरच्या पुरुषाचा, मधला शिकायला आलेल्या भाच्याचा किंवा वार लावून जेवणाऱ्या मुलाचा (त्याला तसेही दिव्याशी वाचतच बसायचे असे), पहाटेचा आत्याचा. शेजारीण मुलांना जेवायला घेऊन जाई. हे प्रेमापोटी होई असे म्हणायला माझी हरकत नाही, पण प्रेम नसलेल्या घरीही ते होई. उद्या आपल्या घरी ताप येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सगळेच आजार काही तीन आठवड्यांत आटपत नसत. क्षय होता, अर्धांगवायू होता, वेड होते, भ्रमिष्ट म्हातारपण होते. त्यांचे कोण करी? याचे उत्तर दिल्यावर जुन्या एकत्र कुटुंबाविषयीचा हळवेपणा टिकत नाही. एक तर आजारी माणूस दूर धाडला जाई. निजामी राज्याचे वेड्यांचे इस्पितळ राजधानीत नव्हते, जालन्यात होते. ते हैदराबादेत एर्रगड्ड्याला आले 1953 मध्ये. आणि जो दूर धाडता येत नसे, तो घरातल्या विधवेच्या वाट्याला जाई. सोवळी आत्या, बालविधवा नणंद, निपुत्रिक काकू. तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती, हातात पैसा नव्हता आणि 'नाही' म्हणायची सोय नव्हती. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 पासून मासिकातून छापली जाऊ लागली तेव्हा एका विधवेने स्वतःची कहाणी स्वतः सांगावी हीच गोष्ट वाचकांना नवी होती. तेव्हा पूर्वीच्या बायका थकत नव्हत्या, हे म्हणणे पुराव्याला धरून नाही. थकणाऱ्या बाईला बोलायला जागा नव्हती एवढेच खरे. मात्र यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो. छोटे आजारपण सगळ्यांनी वाटून घ्यायचे आणि लांबलचक आजारपण एका हक्कहीन बाईवर टाकायचे, अशी ती जुनी विभागणी होती. आज आपण पहिला अर्धा भाग हरवला आहे आणि दुसरा अर्धा मात्र जपून ठेवला आहे.

विधवेच्या या कामाला मोल मिळू शकते, हे मराठी समाजातच काहींना फार लवकर सुचले होते. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढले आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, त्याचे भांडे उचलायचे, हे घरंदाज बाईचे काम आहे का, असा गहजब झाला. गंमत अशी की हेच काम तीच बाई दिराच्या घरी फुकटात करत होती तेव्हा त्यात कुणाला कमीपणा दिसला नव्हता. पाळी, पगार आणि पाळी संपल्यावर घरी जाण्याचा हक्क, या तीन गोष्टी जोडल्याबरोबर 'सेवा' हलकी ठरली.

चिक्कडपल्लीतले हात कमी झाले ते मात्र कुणाच्या वाईट वागण्यामुळे नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, राजधानीतल्या मराठी कुटुंबांचे अर्धे गणगोत एका दिवसात परराज्यातले झाले आणि कितीक सरकारी नोकरांनी मुंबईचा रस्ता धरला. त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ. मराठवाड्यासाठी ही न्यायाची आणि आनंदाची गोष्ट होती, आणि तरीही तिचा एक अबोल परिणाम असा की काचीगुड्याला उतरणाऱ्या गाडीतून भाचे येईनासे झाले. त्याच 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मालमत्तेत पुरा हक्क दिला. पुढे शिक्षण आणि नोकरी आली आणि घराघरातली सोवळी आत्या नाहीशी झाली. तिच्याबद्दल हळहळावे असे त्यात काही नाही. पुढच्या पिढ्यांतली मुले मुंबई-पुण्याला, मग अमेरिकेला गेली. 2019-21 मध्ये तेलंगणात बाईमागे सरासरी मुले 1.8 होती, महाराष्ट्रात 1.7. बैठी घरे पाडून त्यांच्या जागी अपार्टमेंट उठली. आणि याच काळात औषधांनी मुदतीच्या तापाची ती मुदतच संपवली. 1941 ते 1951 या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास धरले जाते, आज ते सत्तरीत आहे. जे आता मरत नाहीत ते पार्किन्सन, पक्षाघात, स्मृतिभ्रंश घेऊन दहा-दहा वर्षे जगतात. हात कमी झाले आणि मुदत उठली, हे दोन्ही एकदमच झाले.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली साठीची सून नव्वदीच्या सासूचे करते तेव्हा ती आजीपणजीचाच वसा चालवते आहे असे म्हणणे चूक आहे. तिची पणजी एकवीस रात्री पाळीने जागली, ही सात वर्षे एकटी जागते आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, डायपर, नळीतून भरवणे हे तर आहेच, पण त्याहून थकवणारे असते ते एक कान उघडा ठेवून झोपणे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 134 मिनिटे घालवतात आणि पुरुष 76, असे आले. कान उघडा ठेवून घेतलेली झोप अशा हिशेबात झोप म्हणूनच धरली जाते. 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांसाठी वापरला, म्हणजे ज्यांना रात्री घरी जाता येत होते त्यांच्यासाठी. ज्यांचे घर हाच दवाखाना, त्यांना तो लागू पडतो हे जगाच्या नंतर लक्षात आले. मराठीला या अवस्थेसाठी नाम कधी लागले नाही. 'मेटाकुटीला आले' यात सगळे येते, फक्त ते तोंडाने म्हणायची चोरी.

संस्कार उरले नाहीत म्हणून हे झाले, हा आक्षेप चिक्कडपल्लीत आणि पुण्यात सारखाच ऐकू येतो. त्याला उत्तर अंकगणिताचे आहे. पाच भावंडांत वाटलेली जबाबदारी आणि एका भावाच्या बायकोवर पडलेली जबाबदारी यांत जो फरक आहे तो संस्काराचा नव्हे. दुसरे म्हणणे असते, पैसे टाकले की आयम्मा, म्हणजे आजाऱ्याचे करणारी पगारी बाई, मिळते. मिळते, ज्यांना परवडते त्यांना. पण बारा तासांच्या पाळीत आयम्मा अंगाचे करते. औषध संपले का, आज सूज जास्त आहे का, दवाखान्यात न्यायचे की वाट पाहायची, हे ठरवणारे डोके तिच्या पगारात येत नाही. ते घरच्या एकाच माणसाचे असते आणि त्याला सुटीचा दिवस नसतो. आणि आयम्माच्या स्वतःच्या घरी तिची आई कोण पाहते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. जुन्या आत्याची जागा नव्या गरीब बाईला देऊन टाकणे हा काही उलगडा नव्हे.

मग मदत म्हणजे काय? माझ्या मते जे दोन आधार गेले तेच नव्या रूपात परत देणे: मुदत आणि हात. आपल्या कायद्याला मुदत कळते, पण ती बाळंतपणाची. 2017 पासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आईवडिलांच्या अंथरुणासाठी अशी वेगळी रजा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे, तो मोठ्या आधाराची गरज असलेल्या व्यक्तींपुरता. जर्मनीने 1995 मध्ये शुश्रूषा-विमा सुरू केला तेव्हा त्यात घरच्या माणसाच्या सुटीचीही सोय ठेवली: ते सुटीवर असताना वर्षातून काही आठवडे बदली माणसाचा खर्च विमा उचलतो. तिथे पैसा आहे, आपल्याकडे कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण केरळात, कोळिकोडहून 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेचे पुढे गावोगाव स्वयंसेवकांचे जाळे झाले ते श्रीमंतीवर नव्हे. शेजाऱ्यांना ड्रेसिंग करायला, कूस बदलायला आणि नुसते बसायला शिकवले गेले. शहरात शेजार नसतो, हा त्यावरचा शेवटचा आक्षेप.

चिक्कडपल्लीत तरी तो टिकत नाही. सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आवारात आणि लगतच्या अशोकनगरात सरकारी परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली हॉस्टेलांतून राहतात. महबूबनगरची, आदिलाबादची, नलगोंड्याची. पहाटे लायब्ररीत जागा धरायला रांग लावतात, रात्री दिव्याशी वाचत बसतात. शंभर वर्षांपूर्वी परभणीचा भाचा जे करायला आला होता तेच करायला ती आली आहेत, फक्त या वेळी ती कुणाची भाची-भाचे नाहीत. त्यागराय गान सभेत संध्याकाळचा कार्यक्रम तीन तास चालतो. एवढा वेळ कुणाच्या उशाशी बसून वाचायला एखाद्या मुलीला दिवसाचे काय द्यावे लागेल, तिला आधी काय शिकवावे लागेल, आणि फ्लॅटचे दार तिला उघडून देण्याइतका विश्वास कुणाच्या हमीवर बसेल, हे हिशेब मांडायला वॉर्डाचे कार्यालयही पुरे आहे.