एम्प्रेस मिल : माणसे राखण्याची विद्या

यंत्र विकत घेता येते, जागा विकत घेता येते, कापूसही बाजारात मिळतो. परंतु त्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे मन विकत मिळत नाही, ही गोष्ट कारखाना चालविणाऱ्या प्रत्येकास आज ना उद्या उमगतेच. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण अलीकडे कचेऱ्यांतून व कारखान्यांतून अधिकाराच्या जागांवर चढले आहेत. दहा-वीस, क्वचित दोनशे माणसे त्यांच्या हाताखाली असतात. त्या माणसांना कामाविषयी आस्था कशी वाटावी, यासाठी हे तरुण परदेशी पंडितांचे ग्रंथ मोठ्या आवडीने वाचतात. वाचोत बापडे! परंतु या विद्येचा एक मोठा प्रयोग आपल्याच नागपुरात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. म्हणून त्याची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म 1839 साली नवसारीस झाला. 1874 साली त्यांनी पंधरा लक्ष रुपयांच्या भांडवलावर कापड गिरणीसाठी कंपनी काढली. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होऊन बसलेले. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कापूस जवळ, रेल्वे आलेली आणि वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नाही, हे त्यांनी ताडले होते. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली व भर घालून ती बुजविण्यास आरंभ केला. तेथील एका सावकाराने, हा मनुष्य खड्ड्यात सोने पुरतो आहे, असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले. पुढे त्याच सावकाराने, जमशेटजींनी माती घालून सोने काढले, अशी कबुली दिल्याचे सांगतात. 1 जानेवारी 1877 रोजी राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केला. त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

आता या गिरणीचा व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी कोणास नेमावे? बेझनजी दादाभाई मेहता हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यावर अधिकारी होते. सूत कसे कातले जाते याचा त्यांना गंधही नव्हता. तरीही जमशेटजींनी माणसाची पारख करून त्यांच्यावर सारी भिस्त ठेवली आणि यंत्रांच्या बाजूस जेम्स ब्रुक्सबी नावाचा जाणकार इंग्रज दिला. मालक स्वतः पुष्कळदा मुंबईस असत. दूरच्या मालकाने पदोपदी हुकूम पाठवावेत आणि व्यवस्थापकाने पत्राची वाट पाहत बसावे, असा प्रकार येथे झाला नाही.

रिंग-चात्यांची कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. सूत कातण्याची ही नवी रीत अमेरिकेतून आलेली होती, आणि लँकेशायरचे गिरणीवाले मात्र आपली जुनी म्यूल यंत्रे सोडावयास तयार नव्हते. जमशेटजींनी 1883 च्या सुमारास अशा दोन चौकटी मागवून नागपूरला धाडल्या व ब्रुक्सबीस त्यांवर प्रयोग करण्याची मोकळीक दिली. त्याने त्या करणाऱ्यांनी सांगितलेल्या गतीहून कितीतरी अधिक वेगाने चालवून दाखविल्या. प्रयोग फसला असता तर दोन यंत्रे वाया गेली असती, एवढेच. परंतु तो साधला आणि गिरणीचा सारा कारभारच पालटला. हाताखालच्या मनुष्याला चूक करण्याची मुभा दिल्याशिवाय त्याच्या हातून नवे काही घडत नाही. आणि ही मुभा देण्यास धन्याचे काळीज मोठे लागते.

व्यवस्थापकांचे हे असे झाले. पण खरा प्रश्न साच्यावर उभे राहणाऱ्या शेकडो मजुरांचा होता. नागपूर व आसपासच्या खेड्यांतील ही माणसे शेतीवर किंवा घरच्या मागावर वाढलेली. सूर्य, पाऊस आणि सण पाहून काम करण्याची त्यांना सवय होती. भोंगा वाजताच हजर व्हावे हे त्यांच्या रक्तात नव्हते. दोन दिवस भरले, चार पैसे हाती आले की तिसऱ्या दिवशी मनुष्य घरी. रोजच्या रोज कित्येक साचे बंद राहत. मुंबईच्या गिरण्यांतून यावर दंड, शिव्या आणि मुकादमाची दहशत हेच औषध चाले. मुकादम मजूर आणी, मुकादमच काढी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई.

एम्प्रेस मिलने दुसरी वाट धरली. नियमाने येणाऱ्यांस व चांगले काम करणाऱ्यांस बक्षिसे ठेवली. वर्षातून एकदा मोठा समारंभ करून, सर्वांसमक्ष, रोख रकमा, वस्त्रे, घड्याळे अशी बक्षिसे वाटली जात, खेळ होत. बक्षिसाची किंमत थोडी, पण शेजारीपाजारी पाहत असता आपले नाव पुकारले जाते याची किंमत फार मोठी. जन्मभर मुले शिकविणाऱ्या मनुष्यास हे निराळे सांगावे लागत नाही.

पुढे 1886 साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि 1895 पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्यास सुरुवात केली. हवा खेळती ठेवण्याची, आग विझविण्याची आणि हवेत ओलावा राखण्याची योजनाही केली. हा ओलावा म्हणजे केवळ सुखसोय नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. वैशाखातील नागपूरची हवा किती कोरडी असते ते वाचकांस ठाऊकच आहे. अशा हवेत सूत ठिसूळ होऊन वरचेवर तुटते. तुटलेला धागा सांधण्यात मजुराचा वेळ जातो आणि अंगावर काम घेणाऱ्याची मजुरीही बुडते. हवा सुधारली की माणसास श्वास घेता येतो आणि मालही चांगला निघतो.

या सालांचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी मुंबईकडे पाहावे. तेथे 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि जायबंदी झालेल्यास साहाय्य. त्यांपैकी रविवारची सुट्टी मिळण्यास 1890 साल उजाडले. अपघाताच्या भरपाईचा कायदा सरकारने 1923 साली केला, आणि कारखान्यांतून भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा करणारा कायदा तर 1952 चा. म्हणजे अपघाताच्या बाबतीत नागपूरची गिरणी कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे पुढे होती आणि म्हातारपणाच्या तरतुदीत सहासष्ट वर्षे.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा व्यापारी हिशोब होता, धर्म नव्हे. गंमत अशी की स्वतः जमशेटजींनी हे नाकारले नाही. 1895 साली गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी बोलताना, आपण इतरांहून अधिक निःस्वार्थी किंवा उदार असल्याचा दावा करीत नाही. भागधारकांचे हित आपले मानणे आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पाया समजणे, एवढेच आपण केले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. प्रस्तुत लेखकास हा प्रामाणिकपणा उपकाराच्या भाषेपेक्षा अधिक आवडतो. उपकार करणाऱ्याची लहर फिरली की उपकार थांबतो. हिशोबात बसलेली गोष्ट सहसा टिकते.

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. हिंदुस्थानातील गिरणीकामगारांच्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी एक संप याच एम्प्रेस मिलमध्ये, तोही 1877 सालीच, मजुरीच्या दरावरून झाला. ज्या वर्षी भोंगा प्रथम वाजला त्याच वर्षी मजुरांनी काम थांबविले! त्यांची संघटना नव्हती, पुढारी नव्हता, वर्तमानपत्र नव्हते. बक्षिसे व निधी ही सारी त्यानंतरची. तेव्हा जे मिळाले ते सर्व धन्याच्या दूरदृष्टीतूनच आले आणि मजुराने ते नुसते हात पसरून घेतले, असे लिहिणाऱ्यांनी हे साल विसरू नये. शिवाय कामाचे तास लांबच होते. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा कायद्याने घातली ती 1911 साली. बक्षिसाचे घड्याळ मिळालेल्या मजुराने त्यात किती वाजलेले पाहिले असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जमशेटजी 1904 साली जर्मनीत वारले. त्यांच्या मागून साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पोलादाचा कारखाना उभा राहिला. नागपुरास सुरू झालेली रीत तेथे पुढे गेली. 1912 साली आठ तासांचा दिवस आणि 1920 साली पगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी आला. तेथेही 1920, 1922 व 1928 साली मोठे संप झालेच.

एम्प्रेस मिल मात्र पुढे उतरणीस लागली. यंत्रे जुनी झाली, यंत्रमागांची स्पर्धा वाढली, आणि 1986 साली ती राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. त्या काळी आमच्या शाळेत गिरणीकामगारांची मुले पुष्कळ असत. बाप कोणत्या पाळीला आहे यावर त्यांचा अभ्यास अवलंबून असे. रात्रपाळी करून बाप दिवसा निजला की लहानशा खोलीत मोठ्याने पाढे म्हणता येत नसत, आणि मग ती मुले शाळेच्या ओट्यावर येऊन म्हणत. 2002 साली गिरणी कायमची बंद झाली. भोंग्यावर ज्यांच्या घरच्या चुली पेटत आणि विझत, त्या वस्त्यांतून तो आवाज थांबल्यावर प्रथम प्रथम कित्येक म्हातारे ठरल्या वेळी उठून बसत.