वऱ्हाडातील मध्ययुगीन गावे, गड व निसर्गस्थळे

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तर भागातील, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर व तिच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्या वस्त्यांचा भ्रमंतीयोग्य परिसर. अचलपूर, रिद्धपूर, साळबर्डी, चिखलदरा, गाविलगड, नरनाळा व त्याखालचे शहानूर ही त्यातील मुख्य ठिकाणे. दक्षिणेकडील बाळापूर, पातूर व बार्शीटाकळी यांचाही समावेश येथे केला आहे.

भूरचना : दक्षिणेला पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे, उत्तरेला एकदम उभा राहिलेला डोंगर. चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या डोंगरातून उतरून पूर्णेला मिळतात. पायथ्याच्या वस्त्या बहुधा या नद्या मैदानात शिरतात तेथेच वसल्या. त्यांना पाणी व लाकूड वरून येई, तर धान्य व कापूस खालून. वरचा गड व खालचे शहर ही म्हणूनच एकच व्यवस्था होती. अचलपूर पाहिले आणि गाविलगड राहिला, तर निम्मेच पाहिल्यासारखे होते.

स्थाने पाहण्याची परंपरा : या भागात गावोगाव हिंडून स्थळांची नोंद ठेवण्याची रीत महानुभाव पंथाने रुजवली. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतात काढली, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. त्यांचे गुरू गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) रिद्धपूरला राहत. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपूरला येऊन राहिले. त्यांपैकी म्हाइंभटांनी लीळाचरित्र या चक्रधरांच्या चरित्रग्रंथाचे काम याच गावी, वाजेश्वरीच्या देवळात बसून केले. त्याचा काळ साधारणपणे १२७८ च्या सुमाराचा धरतात, काही अभ्यासक तो थोडा पुढे नेतात. आजचे अचलपूर या वाङ्मयात अळजपूर म्हणून येते.

प्रवाशाच्या दृष्टीने लीळाचरित्राहून जवळचा ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकातील समजली जाणारी ‘स्थानपोथी’. चक्रधर जेथे बसले, जेवले, निजले अशा जागांची ती गाववार नोंद आहे. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, नदी कोणत्या अंगाला, अमुक स्थानापासून तमुक स्थान कोणीकडे, एवढेच ती सांगते. वर्णनाचा फुलोरा तीत नाही. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. देऊळ पडले, ओटा झिजला, तरी दिशा टिकते. त्यामुळे वऱ्हाडातील अनेक नाहीशा झालेल्या वास्तूंची जागा आज केवळ या पोथीवरून सांगता येते. प्रस्तुत नोंदीतही शक्य तेथे हीच पद्धत ठेवली आहे. रिद्धपुरात पंथाचे मठ असून चुन्याने पांढरे केलेले व फुले वाहिलेले ओटे पाहायला मिळतात. मराठी भाषा विद्यापीठही याच गावी स्थापन झाले आहे.

अचलपूर : जुने एलिचपूर. देवगिरीवरील पहिल्या स्वारीत अलाउद्दीन खलजी येथूनच पुढे गेला. बहमनी काळात हे वऱ्हाडच्या तरफेचे ठाणे होते. पुढे फत्हुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० च्या सुमारास स्थापिलेल्या इमादशाहीची ही राजधानी झाली. फत्हुल्ला मूळचा विजयनगरकडील कानडी घराण्यातला, युद्धात लहानपणी पकडला गेलेला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. शहराबाहेर पश्चिमेला हौज कटोरा हा तलावात उभारलेला अष्टकोनी मनोरा आहे. त्याचे वरचे मजले पुढे दगडांसाठी उतरवले, असे सांगतात. दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा प्रसिद्ध आहे.

गाविलगड : चिखलदऱ्यालगत. गवळ्यांचा गड अशी नावाची व्युत्पत्ती देतात. अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास एलिचपुरात मुक्काम असताना हा गड बांधला व नरनाळ्याची डागडुजी केली, असे फिरिश्ताच्या आधारे मानतात. त्यापूर्वी येथे गवळी राजांची गढी होती, हे मत लोकपरंपरेवर आधारलेले आहे. फत्हुल्लाने १४८८ मध्ये तटाचे काम पुन्हा केले. दिल्ली दरवाज्यावर हत्तींना पंजात धरलेली सिंहासारखी जनावरे व गंडभेरुंड कोरले आहेत. गंडभेरुंड हे दक्षिणेकडील राजचिन्ह असल्याने त्याचा संबंध फत्हुल्लाच्या मूळ प्रदेशाशी जोडला जातो. बहराम बुरुजावर १५७७ चा लेख आहे. गडावरील मोठ्या मशिदीची कमानींची दर्शनी बाजू व दगडी जाळीकाम अजून पाहण्याजोगे आहे. देवतलाव व इतर तळी आहेत.

१८०३ चा वेढा : या गडाविषयीचा सर्वांत तपशीलवार पुरावा इंग्रजांच्या लष्करी पत्रव्यवहारात आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात अडगाव (आता अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका) येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मराठी फौजांचा पराभव झाला आणि त्यातील काही शिबंदी गाविलगडावर आली. आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने दक्षिणेची बाजू धरली. खरा हल्ला उत्तरेकडून, बाहेरच्या किल्ल्यावर व्हायचा होता. कारण तेवढ्याच बाजूने गड एका चिंचोळ्या सोंडेने डोंगराला जोडलेला आहे. इतरत्र कडे आहेत. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने सुमारे ३० मैल डोंगरातून वाट पाडत, जड तोफा माणसांनी ओढत नेल्या. ७ डिसेंबरला निघालेली ही तुकडी १२ तारखेला उत्तरेला पोहोचली. तोफा १३ ला सुरू झाल्या व १५ डिसेंबरला खिंडारातून हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा दरीपलीकडे होता व तो फोडता येईना. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने दरीतून चढून शिड्यांनी तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला. या तहाने गाविलगड व नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. आज गडावर गेल्यास बाहेरचा व आतला किल्ला यांमधील दरी प्रथम पाहावी. तिच्या काठावर उभे राहिले की सारा वेढा नकाशाशिवाय समजतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला व १८५८ मध्ये गडाची तटबंदी निकामी करण्यात आली.

चिखलदरा : सुमारे १,१०० मी. उंचीवरील थंड हवेचे ठिकाण. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने ते शोधल्याची नोंद गॅझेटियरकारांनी केली आहे. गवळी व कोरकू लोकांना ते अर्थातच आधीपासून ठाऊक होते. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, अशी कथा आहे. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल ही ठिकाणे पावसाळ्यात धुक्याने व धबधब्यांनी भरलेली असतात. कॉफीची लागवड हे येथील वैशिष्ट्य.

मेळघाट व कोरकू वस्त्या : १९७३-७४ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. साग, मोह, तेंदू, धावडा यांचे पानझडी रान. वाघ, अस्वल, गवा, रानपिंगळा. कोरकूंची भाषा मुंडा गटातील आहे. त्यांच्या जुन्या गावात एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा असतात. मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब उभारतात.

नरनाळा व शहानूर : अकोट तालुक्यातील गड. मध्ये नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड असे त्याचे तीन भाग. येथील महाकाली दरवाजा हा वऱ्हाडातील मध्ययुगीन बांधकामाचा सर्वोत्तम नमुना होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दरवाजा फिकट वालुकाश्माचा आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना कमळे, वर ठसठशीत कंगोरा आणि दोन बाजूंना पुढे आलेले सज्जे. सज्ज्यांच्या जाळ्यांत प्रत्येक चौकट वेगळ्या नक्षीची आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात उभे राहून ही नक्षी मोजावी. घाईत ती सगळी सारखीच वाटते. वर अरबी-फार्सी लेखाची पट्टी आहे. त्यातून १४८७ हे वर्ष व महमूदशहा बहमनीची कारकीर्द कळते. म्हणजे फत्हुल्ला स्वतंत्र होण्यापूर्वी तीनच वर्षे, सुभेदार असतानाच, इतके राजेशाही काम करवून घेत होता. गडावरील तळ्यांची संख्या गॅझेटियरमध्ये २२ दिली आहे; सर्वांत पाणी टिकत नाही. नऊगजी तोफ प्रसिद्ध आहे. इमादशाहीचा शेवटही येथेच, १५७४ च्या सुमारास, निजामशाही फौजेने इमादशाहीची सत्ता बळकावलेल्या तुफालखानाला वेढल्यावर झाला.

इतर स्थळे : बाळापूर येथे मन व म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला व मिर्झा राजे जयसिंगांच्या नावाची छत्री. पातूरला कोरीव लेणी. बार्शीटाकळीच्या देवळातील लेख शके १०९८ चा. मुक्तगिरी हे जैन तीर्थ परतवाड्याजवळ असले, तरी मध्य प्रदेशात येते.

संरक्षण : फ्रान्समध्ये १९८२ साली स्थापन झालेली ‘सर्वांत सुंदर गावांची’ संघटना दोन हजारांपर्यंत वस्ती असलेले व किमान दोन संरक्षित स्थळे असलेले संपूर्ण गाव निवडते. आपल्याकडे संरक्षण वास्तूला मिळते, गावाला नाही. त्यामुळे गाविलगड व नरनाळ्याचे दरवाजे केंद्रीय संरक्षणाखाली सुरक्षित राहिले. अचलपूरचे जुने वाडे व गल्ल्या मात्र कोणत्याच यादीत नसल्याने वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांची मोजमापे व छायाचित्रे तातडीने घेतली पाहिजेत.

मार्ग व काळ : अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किमी., तेथून घाटाने चिखलदरा सुमारे ३० किमी. अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किमी.; तेथून शहानूर. अकोट-खांडवा मीटरगेज रेल्वे, धूळघाटच्या वळशासह, रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली. उत्तम काळ पावसाळ्याचा शेवट ते फेब्रुवारी. नरनाळा अभयारण्यात असल्याने शहानूरच्या वननाक्यावर नोंद करूनच वर जाता येते व अंधारापूर्वी खाली उतरावे लागते.