कोपऱ्यांतला अंधार

मोठ्या कॅमेऱ्यांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करण्याचे काम मी करतो. त्यात एक मागणी हमखास येते : 'फोटोचे कोपरे काळवंडलेत, तेवढे उजळून द्या.' मागणी साधी आहे. पण हा अंधार पुसण्याआधी तो वाचला पाहिजे, असे मला वाटते.

या अंधाराची कारणे दोन. एक, भिंगाच्या नळीची कड तिरप्या किरणांना अडवते. छिद्र लहान केले की हा दोष कमी होतो. दुसरे कारण भूमितीचे. कडेकडे जाणारा प्रकाश जास्त अंतर कापतो आणि तिरपा पडून पसरतो. साध्या भिंगात मध्यापासून ४५ अंशांवर चौथा हिस्साच प्रकाश पोचतो. ६० अंशांवर सोळावा. इथे छिद्र लहान करून उपयोग नाही.

१९०० साली बर्लिनच्या गोर्झ कंपनीचे 'हायपरगॉन' भिंग आले. त्याचे रचनाकार एमिल फॉन होएग. हे भिंग सुमारे १४० अंशांचे दृश्य टिपे. अरुंद जागेतून भली मोठी इमारत घ्यायची तर ते वरदानच! पण चित्राचा मध्य लख्ख आणि कडा उपाशी. म्हणून भिंगापुढे चांदणीसारखे चक्र बसवले. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ते गरगर फिरे आणि मधला प्रकाश अडवी. शेवटचे थोडे क्षण चक्र बाजूला करायचे, की मध्याचा वाटाही पुरा होई. पुढे मध्यभागी गडद आणि कडेला स्वच्छ असे काचेचे फिल्टर आले.

आज हेच काम संगणक करतो. त्याच भिंगाने, त्याच छिद्रावर, एकसारखा उजळलेला पांढरा पृष्ठभाग टिपायचा आणि त्या प्रतिमेने मूळ प्रतिमेला भागायचे. पण शंभर वर्षांपूर्वीचे ते भिंग आणायचे कुठून? मग अंदाज करावा लागतो. तयार सूत्र अंधाराचा मध्य चित्राच्या मधोमध धरते आणि तिथेच फसते. उंच इमारतीसाठी छायाचित्रकार भिंग वर सरकवत असे. त्यामुळे प्रकाशाचा मध्य चित्रात खाली येतो आणि वरचे दोन कोपरेच अधिक काळे पडतात. म्हणजे भिंग किती सरकवले होते, याची खूण त्या काळोखातच असते.

शिवाय, जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे तपशीलही नाही. तो कोपरा कितीही उजळा, हाती लागतात फक्त फिल्मचे दाणे आणि धूळ.

म्हणून माझा आग्रह एवढाच : मूळ स्कॅन जसाच्या तसा जपावा, दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर करावी आणि काय बदलले ते तिच्यासोबत लिहून ठेवावे. उजळलेला फोटो डोळ्यांना सुखावतो, हे खरे. पण तो कसा काढला गेला, हे त्या काळवंडलेल्या कोपऱ्यांनाच ठाऊक असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)