चालकाचे मत आणि गाडीतली नोंद

सुरक्षेच्या नव्या यंत्रांबद्दल चालकांचे मत काय, असे सरसकट विचारले तर हाती काहीच लागत नाही. एअरबॅग हवीच असे सगळे म्हणतात, आणि त्यांतलेच अनेक जण सीटबेल्टची बीप बंद करण्याची युक्ती शोधत असतात. स्वतःच्या पैशाने काचेवर डॅशकॅम लावणारा चालक मालकाने बसवलेल्या जीपीएसवर चिडतो. लेन सुटली की स्टिअरिंग सावरणारी यंत्रणा महामार्गावर ज्याला आवडते, तोच शहरात शिरताना ती बंद करतो. ही मते हट्टाची किंवा अडाणीपणाची म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. त्यांत एक संगती आहे.

माझे प्रतिपादन असे की, चालक यंत्राची पारख त्याच्या हुशारीवरून करत नाही. ते कोणाच्या बाजूने काम करते, हे तो पाहतो. यंत्र आपल्या बाजूचे आहे अशी खात्री पटली तर तो त्याचा त्रासही सोसतो. ती पटली नाही, तर पहिली संधी मिळताच वायर काढतो.

विचारासाठी या यंत्रांचे चार वर्ग करू: गप्प राहून काम करणारी, इशारा देणारी, ब्रेक किंवा स्टिअरिंग स्वतः हाती घेणारी आणि नोंद ठेवणारी.

पहिल्या वर्गाबद्दल फारसा वाद नाही. धडकेत मुद्दाम चेपला जाणारा पुढचा भाग, एअरबॅग, चाके लॉक होऊ न देणारी एबीएस ही सगळी त्यात येतात. चालकाकडून ती काही मागत नाहीत आणि गरज पडेपर्यंत जाणवतही नाहीत. सीटबेल्ट मात्र याच वर्गात बसला असता, पण तो बसत नाही. व्होल्वोचे अभियंते निल्स बोहलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये गाडीत आला. त्याचे काम मुळात यांत्रिक आहे, पण तो लावण्याची कृती माणसाकडे राहिली. ती कृती करून घेण्यासाठी इशारा देणारी यंत्रे आली आणि भांडण तिथून सुरू झाले.

या भांडणाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७४ च्या मॉडेलच्या मोटारींना अशी जोडणी सक्तीची केली गेली की, पुढे बसलेल्यांनी बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये. तर्क निर्दोष होता. पण सीटवर ठेवलेली सामानाची पिशवीसुद्धा माणूस समजली जाई आणि गाडी जागची हलत नसे. लोक इतके संतापले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही सक्ती काढून टाकली. इंजिन सुरू केल्यावर आठ सेकंदांपलीकडे वाजणारा बझर सक्तीचा करायलाही तिने मनाई केली. एका उतावळ्या अंमलबजावणीने चांगल्या साधनाची वाट कित्येक वर्षे अडवली. यंत्रे सक्तीची करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग अभ्यासायला हवा.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाच्या बेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला की थांबून थांबून बीप होते, १२० च्या वर ती सलग वाजते. आता समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना १२० ची परवानगी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १०० ची. म्हणजे नियम पाळणारा चालकही नागपूरहून निघाल्यापासून बीप ऐकत राहतो. उलट शाळेसमोरच्या अरुंद रस्त्यावर ७० ने जाणाऱ्याला यंत्र एक शब्द बोलत नाही. रस्ता न ओळखणारा इशारा कानाआड होणारच. त्यात चालकाचा दोष मला कमी दिसतो.

बेल्टच्या बीपची गोष्ट वेगळी आहे. ती बरोबर वेळी, बरोबर कारणाने वाजते, तरी ती गप्प करण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या क्लिपा बाजारात आल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या, तेव्हा १३,११८ नोंदी हटवाव्या लागल्या. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक देशातल्या रस्त्यांवर मेले, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास सहप्रवासी होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की क्लिप विकत घेणाऱ्याची बाजू घेणे मला शक्य होत नाही. चालकांच्या मताचा आदर करायचा म्हणजे त्यांचे प्रत्येक मत मान्य करायचे असे नव्हे.

तिसरा वर्ग हाती घेणाऱ्या यंत्रांचा. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, म्हणजे आयआयएचएसने, २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी होंडाच्या सर्व्हिसिंगला आलेल्या २६५ गाड्या पाहिल्या. समोरची टक्कर टाळणारी यंत्रणा एक सोडून सगळ्यांत चालू होती. लेन सांभाळणारी यंत्रणा मात्र जेमतेम एक तृतीयांश गाड्यांत चालू सापडली. दोन्ही यंत्रणा त्याच गाड्यांत, त्याच चालकांच्या हाती. पहिली क्वचित बोलते आणि बोलते तेव्हा समोर खरोखर काही असते. दुसरी दर वळणाला, दर ओव्हरटेकला टोकते. चालकांनी नव्या तंत्राला सरसकट नाकारले नव्हते, त्यांनी निवड केली होती. आणि ती बऱ्याच अंशी बरोबरही होती. याच संस्थेच्या अभ्यासांनुसार आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याच्या घटना निम्म्याने कमी होतात.

हीच यंत्रे आपल्या रस्त्यावर आणली की काय होते? लेनचे पट्टे पुसलेले असतात किंवा डांबराच्या नव्या थराखाली गेलेले असतात. दुचाकी कट मारून बंपरसमोर येते, गाय दुभाजकावर उभी असते, ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतो. दोन गाड्यांमधले अंतर यंत्राला धोक्याचे वाटते, पण मुंबईत तेवढे अंतर ठेवले तर त्यात दुसरी गाडी शिरते. अशा वेळी यंत्राने अचानक ब्रेक दाबला तर मागचा धडकेल, ही चालकाची भीती खरी आहे. त्याला इथे दुरुस्ती हवी असते: मापे या रस्त्यांवर ठरवा आणि शोरूममध्ये गाडी देताना यंत्र काय करते, काय करत नाही, हे प्रत्यक्ष चालवून दाखवा. उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. म्युनिकच्या टॅक्सींवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात एबीएस असलेल्या गाड्यांचे चालक अधिक बेदरकार चालवताना आढळले होते. यंत्रावर अविश्वास घातक, तसा आंधळा विश्वासही घातक.

चौथा वर्ग नोंद ठेवणाऱ्यांचा. इथे मला सर्वांत जास्त थांबायचे आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

मोटारीतला अपघात-नोंदक विमानातल्या पेटीसारखा तासन्‌तास काही टिपत नाही. तो बहुधा एअरबॅगच्या नियंत्रकातच असतो. वेग, ब्रेक लागला की नाही, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, बेल्ट लावला होता का, एअरबॅग केव्हा उघडली, असे मोजके आकडे तो फिरते ठेवतो. धडक बसली की शेवटची साधारण पाच सेकंदे गोठवतो. बोलणे नाही, चित्र नाही, ठिकाण नाही. सतत ठिकाण कळवणारा जीपीएस आणि मोबाइलशी जोडलेली गाडी ही निराळी यंत्रे आहेत. चालक मात्र तिन्हींना मिळून 'गाडीत काहीतरी बसवलंय' असे म्हणतात. कंपन्यांनी हा फरक कधी नीट समजावला नाही, म्हणून हा गोंधळ टिकून आहे.

या पाच सेकंदांचे मोल महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला, तेव्हा वेग १०० होता आणि धडकताना ८९, हे कंपनीने गाडीतल्या नोंदीवरून पोलिसांना कळवले. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे तपासात सांगितले गेले, आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. नोंद नसती तर वेगाबद्दल निव्वळ अंदाज उरले असते.

त्यात एक तांत्रिक भरही आहे. पंचनाम्यात पूर्वी रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजून वेग काढत. एबीएसमुळे चाके लॉक होत नाहीत, त्यामुळे त्या खुणा फिक्या उमटतात किंवा उमटतच नाहीत. सुरक्षेच्या एका यंत्राने जुना पुरावा पुसला आहे, आणि त्याची जागा दुसऱ्या यंत्राने घेणे भाग आहे.

मग चालकाचा विरोध कशाला? ट्रकचालकाच्या जागी बसून पाहा. अपघात झाला की मोठ्या गाडीचा दोष धरला जातो. थांबला तर जमाव मारतो, पळाला तर गुन्हा वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये चालक रस्त्यावर उतरले ते याच भीतीने. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा हे पोटकलम वगळून झाली. अशा चालकाच्या बाजूने बोलू शकेल असा साक्षीदार त्याच्या गाडीतला नोंदकच आहे: वेग ६० होता, ब्रेक वेळेवर दाबला होता. तरी तो त्याला नको असतो. कारण आजवर त्याच्या गाडीतले प्रत्येक मोजमाप त्याच्याविरुद्धच वापरले गेले. वेग रोखणारा गव्हर्नर ८० ला अडवतो, मालक फोनवर खेप लवकर पोचव म्हणतो, जीपीएस कुठे चहाला थांबलास ते विचारतो. नोंद कुणाच्या तरी हातात जाते, पण त्याच्या हातात कधीच येत नाही.

ही शंका फक्त ट्रकचालकाची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जोडणी-सेवेतून लाखो चालकांच्या ब्रेक-वेगाच्या नोंदी माहिती विकणाऱ्या कंपन्यांकडे आणि तिथून विमा कंपन्यांपर्यंत गेल्या, हे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. अनेकांना ते हप्ता वाढल्यावर समजले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशी माहिती ग्राहक-अहवाल कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली. आपल्याकडे विमा नियामकाने जुलै २०२२ मध्येच 'जशी गाडी चालवाल तसा हप्ता' या धर्तीच्या पुरवण्यांना परवानगी दिलेली आहे. दार उघडे आहे, पहारा अजून नाही.

पहारा ठेवता येतो. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याने अपघात-नोंदकातली माहिती गाडीच्या मालकाची किंवा भाडेकराराने गाडी घेणाऱ्याची ठरवली. संमती, न्यायालयाचा आदेश आणि मोजके अपवाद वगळता ती कुणी काढू शकत नाही. युरोपीय संघाने ७ जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या मोटारींत नोंदक सक्तीचा केला, पण नोंदीवरून गाडी ओळखता येऊ नये अशी अट घातली. गाडी-क्रमांकाचे शेवटचे चार अंकसुद्धा साठवायचे नाहीत. तंत्र तेच, नियम वेगळा, म्हणून मतही वेगळे बनू शकते.

नोंदीच्या मर्यादाही मान्य करू. वेग चाकांच्या फिरण्यावरून मोजला जातो. चाक घसरले किंवा टायर वेगळ्या मापाचे असले तर तो चुकतो. ब्रेक उशिरा का दाबला, मध्ये कोण आडवे आले, हे नोंदक सांगत नाही. म्हणून तो पंचनाम्याच्या जोडीने वाचावा, पंचनाम्याऐवजी नव्हे. आणि तो वाचण्याचे साधन फक्त गाडी बनवणाऱ्याकडे असू नये. एअरबॅग का उघडली नाही, असा प्रश्न असेल तेव्हा कंपनी स्वतःच प्रतिवादी असते. अमेरिकेच्या नियमांत हे साधन बाजारात मिळण्याची तरतूद आहे.

रस्ते वाहतूक मंत्रालयाने नोंदकाचा नियम करताना चार गोष्टी त्यात लिहाव्यात. नोंद गाडीमालकाची असावी. पगारी चालकाला तिची प्रत मिळण्याचा हक्क असावा. लेखी संमतीशिवाय विमा कंपनीला ती मिळू नये. वाचनयंत्र आरटीओ आणि स्वतंत्र तज्ज्ञ यांच्याकडे असावे. दुसऱ्या कलमासाठी चालकांच्या संघटनांनी आग्रह धरावा, कारण त्याशिवाय बाकीची तीन मालकाच्याच सोयीची ठरतील. आणि वाचकहो, नवी गाडी घेताना रंग आणि मायलेज विचारता तसे हेही विचारा: या गाडीत काय नोंदले जाते, ते कुठे जाते, आणि मला हवे तेव्हा मिळेल का? उत्तर लेखी घ्या.